लास्तेराकच्या भिंतीवरचा मार्सियाल

आर्बियोस आणि लास्तेराक या दोन गावांमध्ये आदूर नदी, नदीवर धडधाकट पूल, म्हणजे गाडीनं गेलं तर पाच मिनिटांचा रस्ता. तरी मायलिस द्यूफोनं वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत लास्तेराकच्या रग्बी क्लबाचा उंबरा ओलांडला नव्हता. मैदान पाहिलं होतं, दर वर्षी सामना असायचा तेव्हा. पण आर्बियोसची माणसं तिथं जायची, खेळायची, बसमध्येच कपडे बदलायची आणि घामेजलेल्या अंगानं परत फिरायची. मैदानात एकमेकांची नाकं फोडा, पण सामना संपला की एका टेबलावर जेवायला बसा, ही त्या मुलखाची रीत. हरलेला सामना लोक विसरतात, नाकारलेलं जेवण विसरत नाहीत. आणि आर्बियोसनं ते जेवण १९८१ सालापासून नाकारलं होतं.

आता मात्र नाक मुठीत धरून जायची वेळ आली होती. गावातली तरणी पोरं बोर्दो, तुलूझ अशा मोठ्या शहरांत गेली होती. आर्बियोसकडे नऊ खेळाडू उरले होते, लास्तेराककडे अकरा, आणि रग्बीला लागतात पंधरा. दोन्ही क्लब एक झाले तर संघ उभा राहणार होता, नाहीतर दोघांनाही कुलूप. येत्या रविवारी ठरवायचं होतं. आर्बियोसच्या बैठकीत तीन तास तावातावानं भांडण झालं आणि शेवटी एका अटीवर गाव तयार झालं. लास्तेराकनं आधी कबूल करायचं, की ८१ चा तो सामना त्यांनी चोरला.

ही अट घेऊन जायचं काम मायलिसवर आलं, कारण ती क्लबाची अध्यक्ष होती आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती मार्सियाल द्यूफोची मुलगी होती. बदकं पाळून पोट भरणारी साधी बाई, भांडायला जायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण बापासाठी ती कुठंही गेली असती.

मार्सियालची गोष्ट आर्बियोसमध्ये पोरांना दुधाबरोबर पाजली जायची. जानेवारीतला सामना, नदीवरून आलेलं धुकं, इतकं दाट की स्वतःचे बूट दिसू नयेत. आर्बियोस दोन गुणांनी पुढे. जो जिंकेल तो वरच्या गटात जाणार. शेवटच्या मिनिटाला लास्तेराकला किक मिळाली. चेंडू दोन उंच खांबांच्या मधून गेला तर तीन गुण. अशा वेळी रेषेवरचे दोन पंच खांबांच्या मागे जाऊन उभे राहतात, आणि चेंडू मधून गेला तर झेंडा वर करतात. गावच्या सामन्यांत हे दोन पंच दोन क्लबांनीच द्यायचे, एक तुमचा, एक आमचा. आर्बियोसचा होता मार्सियाल. किक बाहेर गेली, मार्सियालचा झेंडा खालीच राहिला, आणि तरी त्या आंधळ्या मुख्य पंचानं शिट्टी फुंकून लास्तेराकला सामना देऊन टाकला. ही गोष्ट. त्यानंतर आर्बियोस कधी वर गेलं नाही. मार्सियालनं पुन्हा झेंडा हातात धरला नाही, आणि त्या सामन्याचा विषय निघाला की तो उठून बदकांना दाणा घालायला जायचा. लोक म्हणायचे, नका हो त्याला विचारू, त्याला अजून लागतं ते. सहा वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा अख्खं गाव त्याच्या मागे चालत होतं.

मायलिसबरोबर साक्षीदार म्हणून एद्मोंकाका निघाला. पंच्याहत्तर वर्षांचा आडदांड म्हातारा, मार्सियालचा जिवलग मित्र, आणि ८१ च्या संघातला खेळाडू. त्या दिवशी त्यानं मुख्य पंचाला उचलून चिखलात बसवलं होतं आणि त्यापायी दोन वर्षं त्याच्यावर बंदी आली होती. गावात त्याला त्याबद्दल अजून फुकट वाइन मिळायची. वाटेत तो एक अक्षर बोलला नाही. एरवी या माणसाचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसतं. मायलिसला वाटलं, रागानं गप्प आहे.

लास्तेराकचा अध्यक्ष झेरो फाटकाशीच उभा होता. सत्तरीकडे झुकलेला, काटकुळा, आणि नेमका तोच, ज्यानं ती किक मारली होती. म्हणजे कबुली मागायची ती थेट चोराकडेच! पण चोर मोठा अगत्याचा निघाला. आधी मैदान तर बघा म्हणाला. युद्धाच्या वर्षांत इथं बटाटे लावले होते, तेव्हापासून त्या कोपऱ्यात गवत नीट धरत नाही. ही लाकडी बाकं आजोबांच्या पिढीनं स्वतःच्या पाइनच्या बनातून तोडून आणली. एका पुरात खांब वाहून गेले, ते खाली नदीत सापडले, तेच पुन्हा उभे केले, म्हणून डावा जरासा कलता आहे. तो इतक्या जीव लावून सांगत होता की मायलिसला ऐकावंसं वाटायला लागलं, आणि त्याचाच तिला राग आला. आपण कशाला आलोय, हा काय दाखवतोय.

एद्मों त्या खांबांपाशी थांबला होता. तिथून हलेचना. तिनं दोनदा हाक मारली तेव्हा आला.

मग झेरोनं क्लबाचं दार उघडलं. लांबट खोली, लांबच लांब टेबल, चुलीवर बदकाचं मटण शिजत होतं. भिंतीवर संघांचे फोटो, वर्षांमागून वर्षं. आणि टेबलाच्या डोक्याशी, सगळ्या फोटोंच्या वर, एकट्याचा एक मोठा फोटो. वर्तमानपत्रातून मोठा करून घेतलेला, दाणेदार. डोक्यावर चपटी बेरे टोपी, मिशा, हातात झेंडा.

तो मायलिसचा बाप होता.

"हे काय आहे?" तिनं विचारलं. तिचा आवाज चढला होता. "थट्टा चालवलीत माझ्या वडिलांची?"

झेरो चक्रावला. थट्टा? तो तिच्याकडे बघत राहिला, मग एद्मोंकडे, आणि मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण तो खुर्चीवर बसला.

"बाई, तुम्हाला ठाऊक नाही?" तो म्हणाला. "तुमच्याकडे कुणालाच ठाऊक नाही?"

मग त्यानं सांगितलं. धुक्यात मुख्य पंचाला काडीचं दिसलं नव्हतं. लास्तेराकच्या पंचानं झेंडा वर केला होता, पण स्वतःच्याच क्लबाचा माणूस, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? मुख्य पंच धावत खांबांपाशी गेला आणि त्यानं पाहिलं ते मार्सियालकडे. आणि मार्सियालचा झेंडा वर होता. ताठ, डोक्याच्या वर. स्वतःचं गाव हरतंय हे माहीत असताना. म्हणून शिट्टी वाजली. तेव्हापासून दर मोसमाच्या पहिल्या जेवणाला लास्तेराकमध्ये एक ताट त्याच्यासाठी मांडतात आणि पहिला पेला त्याच्या नावानं उचलतात. नव्या पोराला खेळायला घेतलं की आधी या फोटोखाली उभं करून ही गोष्ट सांगतात, मग जर्सी देतात.

"दर वर्षी वाटायचं, सामन्यानंतर तुम्ही लोक आत याल आणि बघाल," झेरो म्हणाला. "तुम्ही कधी आलातच नाही."

मायलिसला काय वाटलं ते एका शब्दात सांगता येणार नाही. लाज वाटली, अभिमान वाटला, आणि सगळ्यात जास्त राग आला, बापाचाच. इतकी वर्षं एक शब्द नाही! गावानं डोक्यावर घेतलं ते भलत्याच गोष्टीसाठी, आणि हा मुकाट्यानं बदकांना दाणे घालत राहिला. आणि आता तिनं करायचं काय? खरं सांगितलं तर गावात बापाचं नाव जाणार, ज्याच्या मागे सगळे चालले होते त्याला कोण काय म्हणेल देव जाणे. नाही सांगितलं तर अट उभी, आणि अट उभी तर क्लबाला कुलूप. लास्तेराकनं चोरी कबूल करावी, तर चोरी झालीच नव्हती.

"खोटं आहे म्हण ना, काका," ती एद्मोंला म्हणाली. "तू होतास तिथं."

एद्मोंनं बेरे काढून हातात घेतली होती. तो फोटोकडे बघत होता.

"मी खांबाखालीच होतो पोरी. चेंडू तोकडा पडला असता तर झेलायला. त्याच्यापासून हातभर अंतरावर. मी पाहिला झेंडा. आपल्यातल्या दुसऱ्या कुणाला धुक्यात दिसला नाही."

"मग पंचाला चिखलात कशाला बसवलंस?"

"पाहिला म्हणूनच. सगळे धावत येत होते. एकानं जरी विचारलं असतं, मार्सियाल, तुझा झेंडा कुठं होता, तर त्यानं खरं सांगितलं असतं. त्याला खोटं कुठं येत होतं? मग त्या दिवशी त्याची हाडं मोडली असती आपल्याच लोकांनी. म्हणून मी असा धिंगाणा घातला, की कुणाला काही विचारायचं सुचलंच नाही. नंतर मग गोष्ट आपली आपण वाढत गेली. तो मला म्हणायचा, एद्मों, सांगून टाकतो. मीच म्हणायचो, गप रहा, तुला पोर होणारे."

झेरोनं उठून चुलीवरचं भांडं उतरवलं, कारण मटण लागायला लागलं होतं.

मायलिस म्हणाली, मी रविवारी सगळ्यांपुढे सांगणार. वडिलांचं नाव शेजाऱ्यांनी इतकी वर्षं जपलं आणि आपण मात्र भलतंच जपत बसलो, हे मला घेऊन मरायचं नाही. एद्मोंनं नको म्हटलं, हात जोडले, ते तुला गावात राहू देणार नाहीत म्हणाला. ती ऐकेना. बापाचाच हट्ट तो. शेवटी म्हातारा खुर्ची ओढून टेबलाशी बसला.

"तू नाही सांगायचंस," तो म्हणाला. "तू जन्मलीही नव्हतीस. मी सांगेन. आता जेवायला वाढा, उपाशीपोटी एवढं सगळं झेपत नाही मला."

त्या दिवशी लास्तेराकच्या टेबलावर आर्बियोसची दोन माणसं जेवली.

रविवारी आर्बियोसचं सभागृह गच्च भरलं होतं. झेरोही आला होता, शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभा, आणि आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या सोडून लोक बसले होते. एद्मों उठला. त्यानं काही सजवलं नाही. झेंडा वर होता, मी पाहिला, मी लपवलं, एवढंच सांगितलं. एकजण खुर्ची आपटून बाहेर गेला. मग पुढच्या रांगेतून बेकरीवाल्या आजींनी विचारलं. त्यांचा नवरा त्या संघात होता, आणि त्या सामन्याच्या दुःखात त्यानं पुढची सगळी वर्षं काढली होती.

"म्हणजे चेंडू गेला होता खांबांमधून? नक्की?"

एद्मों शेवटच्या रांगेकडे बघत होता.

"गेला होता," तो म्हणाला. "बरोबर मधून. त्या धुक्यात, ओल्या चेंडूनं, त्या अंतरावरून. अहो, काय सुंदर किक होती ती! इतकी वर्षं मला कुणाला सांगता आलं नाही."

शेवटच्या रांगेतल्या काटकुळ्या म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि खिशातून रुमाल काढला. आजी उठल्या, मधल्या रिकाम्या खुर्च्यांमधून वाट काढत मागे गेल्या, आणि त्याला म्हणाल्या, उभे काय राहिलात, बसा ना.