कियूमर्सने बूट काढले नव्हते

सारी शहरातल्या प्रांताच्या निवड स्पर्धेत सत्तावन्न किलो गटाची अंतिम कुस्ती मी जिंकली. एका गुणाने, पण जिंकली. हे वाक्य आता विसरा. असं काही घडलंच नाही, असं प्रांताच्या कुस्ती मंडळाचं म्हणणं आहे, आणि मंडळाशी कोण भांडणार? म्हणून मीही तसंच धरून चालतो आणि पहिल्यापासून सांगतो.

मी ऐनुल्ला, जूयबारचा. आमच्या गावात भात पिकतो आणि पैलवान पिकतात. भाताला निदान विश्रांतीचा हंगाम असतो. सत्तावन्न किलोत आमच्या तालमीत आम्ही दोघं होतो. कियूमर्स पहिला, मी दुसरा. हे इतकी वर्षं चाललं होतं की बाजारात माझी ओळखच 'कियूमर्सच्या खालचा' अशी करून देत. आणि प्रांताच्या संघात प्रत्येक गटातून एकच जातो. बापाने बजावून ठेवलं होतं, यंदा संघात गेलास तर ठीक, नाहीतर काकाच्या भातगिरणीत यायचं. तिथे पहिला-दुसरा नसतो, सगळ्यांच्या नाकात सारखाच कोंडा जातो.

मग हिवाळ्यात कियूमर्स मेला. पहाटेच्या सरावाला येताना धुक्यात त्याची मोटारसायकल शेताच्या कालव्यात गेली. आम्ही सगळे रडलो. मी जरा जास्त रडलो, कारण सगळे माझ्याकडेच बघत होते. मयताला आलेल्या एका म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "आता तुझा नंबर, पोरा." माणूस वाईट नव्हता. फक्त कबरीच्या काठावर उभा राहून बोलला.

आमच्याकडे निवृत्त होणारा पैलवान शेवटची कुस्ती झाली की मॅटच्या मधोमध बूट काढून ठेवतो आणि अनवाणी बाहेर जातो. बूट ठेवले की संपलं. कियूमर्सचे बूट तालमीत खिळ्याला लटकत होते. मयताच्या चाळिसाव्या दिवशी कोणीतरी सुचवलं, आपणच ते मधोमध ठेवू या, तेवढाच मान. आमचे उस्ताद आगा नुसरत मान हलवत म्हणाले, "दुसऱ्याचे बूट दुसऱ्याने काढायचे नसतात. त्याने काढले नाहीत. म्हणजे तो निवृत्त नाही."

ऐकून सगळ्यांचे डोळे पाणावले. दुसऱ्या दिवशी पहाटे बूटही पाणावलेले होते.

आतून ओले, आणि कोमट. नाडीला त्याचीच दुहेरी गाठ, उरलेलं टोक आत खोचलेलं. मॅटवर कालव्याच्या गाळाचा वास. आम्ही दारातच थबकलो. उस्तादांनी एका बुटात बोट घालून पाहिलं, बोट पँटला पुसलं आणि आमच्याकडे वळले.

"बघा. हा मेलाय, तरी आला. आणि हुशंग, तू काल कुठे होतास?"

"दाढ दुखत होती, उस्ताद."

"दाढ," उस्ताद म्हणाले. एवढंच म्हणाले.

हुशंगने त्याच आठवड्यात दाढ काढून टाकली.

जोड्या लावताना आता मी एकटाच उरायचो. उस्तादांनी मला मॅटचा खिडकीकडचा कोपरा दाखवला. "तू कियूमर्सबरोबर."

"तिथे कोणी नाहीये, उस्ताद."

"मग तुला सोपं जाईल."

मी हवेसमोर वाकून उभा राहिलो. शेजारच्या जोडीतले हसले. तेवढ्यात मानेवर हात पडला. थंड, ओला आणि ओळखीचा. अंगठा नेहमीसारखा कानामागे. मग माझा डावा पाय गेला, कारण कियूमर्स कायम डावाच पाय घ्यायचा, आणि मी पाठीवर. वर फक्त छत दिसत होतं, आणि त्या छताच्या नि माझ्या मधून कुठूनतरी थेंब तोंडावर पडत होते. शेजारची जोडी हसायची थांबली आणि फार मन लावून सराव करू लागली. मी हरलो होतो, पण ही काही बातमी नव्हती.

तो वसंत असाच गेला. मी रोज हवेकडून हरत होतो. घरी सगळे भात-मासळी खात, मी घाम काढायला प्लास्टिकचा सूट घालून शेताच्या बांधावर पळे. धुकं असलं की मागून दुसरी पावलं ऐकू यायची. मी थांबलो की तीही थांबायची, पण जरा उशिराने.

रोटीच्या रांगेत एकदा कियूमर्सची आई, तूबा खाला, भेटली.

"तालमीत येतो म्हणे तो."

"येतो, खाला."

"घरी नाही येत." तिने तंदूरमधून निघालेली रोटी उचलली. "खातो का काही?"

"वजन उतरवतोय."

"शेवटी शेवटी घाई करतो तो. सांग त्याला," म्हणाली आणि अर्धी रोटी मोडून माझ्या हातात दिली. वजन मीही उतरवत होतो. ती रोटी मी खिशात वाळेपर्यंत बाळगली.

मग स्पर्धेसाठी नावं द्यायची वेळ आली. एका गटात तालमीला दोन नावं देता येतात. उस्तादांनी दोन दिली.

"उस्ताद, तो मेलाय," मी म्हणालो.

"सरावाला येतो?"

"येतो."

"बूट काढलेत त्याने?"

"नाही."

"मग कुठल्या तोंडाने वगळू त्याला? तुझ्यापेक्षा हजेरी चांगली आहे."

तेव्हा मला कळलं की हा माणूस मेल्यावरसुद्धा मला भातगिरणीत घालणार आहे.

सारीला वजनकाट्यावर चढलो तर काटा एकशे चौदा. वजन घेणारे गृहस्थ आधी काट्याकडे, मग माझ्या फासळ्यांकडे बघू लागले. "उतर," म्हणाले. मी उतरलो. काटा सत्तावन्नावर येऊन थांबला. काट्यावर कोणीही नव्हतं. काट्याच्या पाटावरून पाणी ठिबकत होतं.

"हे कोणाचं?"

"कियूमर्सचं," उस्ताद म्हणाले. "आमचाच आहे."

गृहस्थांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. ते स्वतः जुने पैलवान. "वजन बरोबर आहे," ते म्हणाले. "पुढचा."

कियूमर्सचं नाव पुकारलं की बूट मॅटवर असायचे. कोणी आणून ठेवताना दिसलं नाही. बाबुल गावाहून आलेल्या पोराने ते पाहिले आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं. दुसरा पोरगा हट्टी होता, तो लढला. त्याचा डावा पाय उचलला गेला, तो पडला, आणि एकट्याने पडलेला माणूस जितका वेळ जमिनीला चिकटून राहात नाही तितका वेळ चिकटून राहिला. पंचाने शिट्टी फुंकली. लोकांनी ओरडून विचारलं, कशाची शिट्टी? पंच म्हणाला, "खांदे टेकले. मी खांदे बघतो, बाकीचं बघायला मला सांगितलेलं नाही."

दुसऱ्या बाजूने मी सगळ्यांना हरवत वर आलो. जिवंत माणसं मला आता फार हलकी लागत होती.

अंतिम कुस्तीला मी आणि ते बूट समोरासमोर. पहिला गुण त्याचा. मला रेषेबाहेर ढकललं. वेळ संपत आली तेव्हा मी डावा पाय मुद्दाम पुढे ठेवला. मानेवरचा हात सुटला, तो वाकतोय हे गार वाऱ्यावरून कळलं, आणि मी वळसा घालून त्याच्या पाठीवर गेलो. हातांच्या मिठीत ओल्या बरगड्या आल्या. आत श्वास नव्हता. कान लावला होता म्हणून सांगतो, आत कालवा वाहात होता. तो गुडघ्यांवर खाली आला. दोन गुण मला.

"एवढी वर्षं लावलीस, गाढवा," कानाशी कोणीतरी म्हणालं. आवाज दमलेला नव्हता. खूश होता.

पंचाने माझा हात वर केला. त्याचा दुसरा हातही कोणाचं तरी मनगट धरल्यासारखा होता, तो त्याने खाली सोडला. मग मधोमध त्या बुटांच्या नाड्या सुटल्या. आधी डाव्याची, मग उजव्याची. मॅटवर ओली अनवाणी पावलं उमटत दारापर्यंत गेली. उस्ताद उभे राहिले.

आठवड्याने मंडळाचा निर्णय आला. प्रतिस्पर्धी मयत असल्याने अंतिम कुस्ती झालेली नाही. झालेली नाही म्हणून विजेता नाही. विजेता नाही म्हणून गटातली जागा रिकामी. उस्तादांनी विचारलं, मग याने हरवलं कोणाला? उत्तर मिळालं, कोणालाच नाही, आणि मॅटवरचे बूट पुरावा म्हणून मंडळाकडे राहतील.

आता मी पहाटे सराव करतो आणि मग गिरणीत जातो. जोड्या लावताना मी उरतोच. खिडकीकडच्या कोपऱ्यात वाकून उभा राहतो. मॅट कोरडी असते. मानेवर हात पडत नाही. काल मी डावा पाय बराच वेळ पुढे ठेवून पाहिला.

सबब या अर्जाद्वारे मंडळास विनंती की, सत्तावन्न किलो गटातील पैलवान कियूमर्स, मुक्काम जूयबार, यांची निवृत्ती नामंजूर करण्यात यावी, पुरावा म्हणून जप्त केलेले त्यांचे बूट त्यांना न वाळवता परत करावेत, आणि सदर पैलवानाने उद्या पहाटेपासून सरावास हजर राहावे असा लेखी आदेश त्यांच्यावर बजावण्यात यावा.