डोकं नसलेली जमना

१९८४ साली मी डहाणूहून तलासरीकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत बदलून आले. त्या वर्षी वरून हुकूम आला: थोरांच्या तसबिरींशेजारी गावातल्याही एका थोर माणसाचं चित्र लावा. थोर, आणि या पाड्यात? मला हसूच आलं.

शाळेत भाकऱ्या थापणारी भिकी म्हणाली, "माझी आय होती, जमना."

सावकाराच्या घरी जमना फुकट पाणी भरायची, वेठच ती. एके दिवशी तिनं त्याच्या अंगणात हंडा पालथा केला नि म्हणाली, "आजपासून तुझा तू भर." बघता बघता सगळ्या पाड्यानं वेठ सोडली. जमनाला मात्र सावकाराची माणसं घेऊन गेली, ती पुन्हा दिसली नाही. भिकी तेव्हा झोळीत होती.

फोटो कुठला असणार! भिकीनं तांदळाच्या पिठानं भिंतीवर जमना काढली. हात, पाय, हंडा, सगळं. डोकं नाही.

"माझे आयेचा दीस नाय झाला, बाय," ती म्हणाली. दीस म्हणजे मेलेल्याला पुढच्या वाटेला लावायचा विधी. "तवर डोकं नाय काडत. काडलं तं ती बघत रेते."

साहेब तपासणीला यायचे होते. बिनमुंडक्याची थोर बाई त्यांना कशी दाखवू? भिकी घरी गेल्यावर मीच खडूनं डोकं काढलं, दोन डोळेही दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीतले दोन्ही हंडे रिकामे. भिकीच्या पोरीनं, शुक्रीनं, ते नुकतेच भरून ठेवले होते. जमीन कोरडी ठणठणीत. मी शुक्रीला रागावले, पुन्हा भरायला लावले. ती वर्गात उशिरा आली. रोजच यायची, नि मी रोज तिची गैरहजेरी मांडायची.

तिसऱ्या दिवशी मी हंड्यासमोर बसूनच राहिले. पाणी खाली खाली जात होतं, कोणी पीत असल्यासारखं, पण आवाज नाही. धावत शाळेत गेले. भिंतीखाली ओल होती. आणि मी समोर बघणारे काढलेले डोळे खिडकीकडे वळले होते, माझ्या खोलीकडे.

लाज मला भीतीनंतर वाटली, खोटं कशाला बोलू? त्या सकाळी विहिरीवर मी स्वतः गेले. माझा हंडा भरलेलाच राहिला. शुक्री पहिल्यांदा हजेरीला "हजर" म्हणाली.

दुपारी मी भिकीच्या हाती ओला फडका दिला. "पूस गं ते डोकं. चुकलं माझं. जाऊ दे तिला."

भिकीनं भिंतीवरच्या आईकडे पाहिलं. मग तिनं फडका पिळून दोरीवर टाकला.

"नाय पुसायची, बाय. तुमची बदली होल. दुसऱ्या बाय येतील."