मागच्या रांगेतली सारजाबाई

इंदापूर तालुक्यातल्या एका कॉलेजात त्या वर्षी, म्हणजे १९९४ साली, पदवीदान समारंभाचा मोठा थाट होता. बी.ए.ला पहिली आलेली शेळगावची रोहिणी आईला घेऊन सकाळच्या एस.टी.नं आली. सारजाबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. नवरा गेल्यावर मेंढरं राखून, लोकांच्या उसात खुरपून या बाईनं पोरीला शिकवलं होतं.

कॉलेजची एक रीत होती. पहिल्या आलेल्या मुलामुलीच्या आईवडिलांना व्यासपीठावर बसवायचं आणि आईची खणानारळानं ओटी भरायची. फार कौतुकाची रीत हो, पेपरात फोटो येतो!

दारातच प्राध्यापक वसंतराव आडवे आले. हे वर्गात समाजसुधारणा शिकवायचे. विधवांच्या दुःखावर बोलताना यांचा कंठ दाटून यायचा.

"रोहिणी, वर तुझे चुलता-चुलती बसतील. आईंना मागं बसू दे. ओटी भरायची असते ना, समजून घे."

"सर, मला आयेनं शिकवलंय."

"अगं, मी मानतो का असलं काही? पण लोक काय म्हणतील!"

वा रे सुधारक! मानत नाहीत म्हणे, नुसतं पाळतात.

'पोरीला काय कलेक्टर करायचीय?' असं वर्षानुवर्षं हिणवणारे चुलते दादासो कडक इस्त्रीचा सदरा घालून केव्हाच वर जाऊन बसले होते. शेजारी चुलती साखरबाई नथ सावरत होत्या. लाज म्हणून कुणाला नव्हती.

"जाऊ दे बाय," सारजाबाई म्हणाल्या. "मी हितनं बघती की. चांगल्या कामात माझी सावली नगं." आणि त्या शेवटच्या रांगेत अंग चोरून बसल्या.

प्रमुख पाहुण्यांनी 'स्त्रीशक्ती' या विषयावर तासभर तोंड वाजवलं. पुढची मंडळी पेंगली. मग वसंतरावांच्या पत्नी विनयाताईंनी साखरबाईंची ओटी भरली, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. रोहिणीच्या हाती पदवी दिली आणि आभाराचे दोन शब्द बोलायला सांगितलं. वसंतरावांनी चार पानी भाषण लिहून दिलं होतं. तिनं ते त्यांच्याच पुढ्यात ठेवलं.

"माझी आय मागं बसलीय. जिथं तिला जागा न्हाय, तिथली पदवी मला नको."

झालं भाषण. पदवी टेबलावर ठेवून ती खाली उतरली. एकही टाळी वाजली नाही. विनयाताई रिकामं ताट घेऊन नवऱ्याकडं बघत राहिल्या आणि नवरा माईकची वायर तपासत राहिला.

मागच्या रांगेत सारजाबाई रडत होत्या. "अगं, कागुद तरी घ्यायचा! एवढी शिकलीस ती कशापायी?"

"ह्याच्यापायीच, आये. चल."

दोघी एस.टी. स्टँडकडं चालत गेल्या.

बारामतीच्या साप्ताहिकात साखरबाईंचा फोटो झळकला. खाली बातमी होती, 'कु. रोहिणी यांनी मोजक्या शब्दांत मनोगत व्यक्त केले. त्यानंतर अल्पोपाहार झाला.' वसंतराव निवृत्त होईपर्यंत समाजसुधारणाच शिकवत राहिले, आणि त्यांचा कंठ दर वर्षी दाटत राहिला.

त्यांना हसून मोकळे होऊ नका. तुमच्या घरच्या पुढच्या कार्यात हळदीकुंकवाचं ताट फिरेल, तेव्हा जरा मान वळवून बघा. मागं भिंतीला टेकून कोण बसलंय? तिला तिथं कुणी बसवलं?