गिऱ्हानातल्या फोडी

"चिरू नको गं पोरी, गिऱ्हान लागलंय. पोटातल्याचा व्हट चिरंल."

आजीचा तो आवाज ऐंशी सालच्या माघातला. मी तेव्हा आठ वर्षांची, श्रीमंतमामाकडे शिकायला राहिलेली. आजी ओरडत होती ती बायडामामीला. तिला सातवा महिना होता. मामा अंगणात घमेल्यात शेणकाला करून बसला होता आणि त्या पाण्यात मला कुरतडलेला सूर्य दाखवत होता. तिथूनच त्यानं हाक दिली, "चिर गं तू! आये, चंद्राची सावली पडलीय नुसती. तिला आपल्या इळीचं काय देनंघेनं?"

"लई शाना झालास! पोर तुझं, पर गावाला तोंड मला दाखवायचंय."

मामी आत गेली. सूर्य निम्मा झाला होता तेव्हा वांग्याच्या फोडींचं पातेलं तिनं मामासमोर आणून ठेवलं. मामा केवढा हसला त्या दिवशी!

मामा काष्टीजवळच्या आमच्या वाडीवर मास्तर होता. अंगणात त्यानं एक काठी रोवली होती. सूर्य ऐन माथ्यावर आला की तिच्या सावलीच्या टोकाशी तो चुन्याचा ठिपका द्यायचा. थंडीत ठिपके लांब जात, उन्हाळ्यात काठीच्या पायाशी येत, आणि वैशाखात एका दुपारी सावली उरायचीच नाही.

"ज्योते, वर देव हाय का न्हाई, मला ठावं न्हाई," तो मला म्हणायचा. "पन नेम हाय. पाटील असो, भिकारी असो, सावली कुनासाठी बोटभर सरकत न्हाई. मानसानं आनखी काय मागावं?"

आजी तोंडानं शिव्या घाली, पण जात्यावर बसली की गाई:

अंगणात काठी उभी, सावली तिची दासी
लेक माझा मास्तर, उन्हाला गं तपासी

चैत्रात मामीला मुलगी झाली. ओठ नाकापर्यंत दुभंगलेला, टाळूही फाटलेली. कापसाच्या बोळ्यानं पाजलेलं दूध नाकातून परत येई. एकोणिसाव्या दिवशी ती गेली. आजीनं गळा काढला नाही, नुसतं मामाकडे बघितलं. त्याच दुपारी मामानं काठी उपटून चुलीत घातली. मामीला पुन्हा दिवस गेले नाहीत. मामानं वर बघणं सोडलं. शाळेत ग्रहणाचा धडा आला की पोरांना म्हणे, घरी वाचा.

पंच्याण्णवच्या दिवाळीत मी पहिल्या बाळंतपणाला त्याच घरात आले. आजी केव्हाच गेली होती. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या सकाळी ग्रहण होतं. उजाडायच्या आधीच मामानं मला घोंगडीवर सरळ निजवलं आणि कवाडाच्या फटींत चिंध्या कोंबल्या.

"कूस बदलू नको. बोटं मुडपू नको. पान्याचा घोट बी न्हाई."

"मामा, तूच सांगायचास ना, नुसती सावली..."

"गप ऱ्हा. माझ्या शानपनानं एक पोर खाल्लं."

उन्हं वर आली असावीत. घरात अंधारच होता. माझ्या पोटऱ्यांत गोळे आले, जीभ टाळूला चिकटली. "मामी, पानी," मी म्हणाले. मामी तांब्या घेऊन आली तर मामा मध्ये उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, लहान पोरासारखे दोन्ही हात आडवे पसरून.

"बायडे, पाया पडतो तुझ्या. एकदा माझं ऐकलंस, तेवढं पुरं झालं."

मामीनं त्याचा हात बाजूला केला. माझं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजलं, पदरानं माझी हनुवटी पुसली. मग त्याच्याकडे न बघताच बोलायला लागली.

"म्या तुमचं ऐकलंच नव्हतं. वांगी गिऱ्हान लागायच्या लई आधी चिरून ठिवली हुती, टोपल्याखाली. मग आत्याबाईंनी सांगितलं तशी हात बांधून बसले. तुमच्यापुढं आनून ठिवल्या त्या त्याच फोडी, काळ्या पडल्या हुत्या. सावल्या मोजनारं मानूस तुमी, तुमाला दिसलं न्हाई. पोर गेल्यावर बोलले असते, तर खोट माझ्या कुशीची ठरली असती, दुसरी आनली असती तुमाला. म्हनून तुमाला जळू दिलं. पंधरा वर्सं. आता सांगून तरी काय? ती बी माघारी येत न्हाई, तुमी बी न्हाई."