सामानाजवळ

“सामानाजवळ कोन बसते?” बाबांनी विचारलं. विचारायची गरज नव्हती. विचारताना ते मोठीमायकडेच पाहत होते.

पवनीच्या घाटावर आमचं सामान पसरलं होतं. सतरंज्यांच्या वळकट्या, स्टोव्ह, स्वयंपाकाचे दोन गंज, पुऱ्यांचा डबा, रात्रीसाठी गोधड्यांचं गाठोडं, आणि या सगळ्यांत अवजड म्हणजे झाकणाचं, दोन कड्यांचं पाण्याचं पिंप. खाली वैनगंगेत गोविंदा नावाड्याची नाव खुंटीला बांधलेली होती. आम्ही नागपूरच्या एकाच वस्तीतली दहा-बारा माणसं. सकाळी इतवारीहून छोट्या गाडीनं निघालो, पवनी रोडला उतरून एस.टी. धरली आणि थेट घाटावर आलो. संध्याकाळच्या एस.टी.नं भिवापूरला आईच्या माहेरी मुक्कामाला जायचं होतं. मधल्या वेळात नावेतून पवनी पाहायची, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

आणि ही कल्पना मोठीमायची होती.

मोठीमाय म्हणजे इंदूबाई, बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा रेल्वेत खलाशी होते. ते गेल्यापासून ती आमच्याकडेच राहायची आणि धंतोलीतल्या एका प्रसूतिगृहात आया म्हणून काम करायची. तिथे पवनीची एक बाळंतीण आली होती. कळा थांबल्या की ती आपल्या गावाबद्दल बोलायची. “पवनी गावातून नाही दिसत, मावशी,” ती म्हणाली होती. “गावात नुसत्या गल्ल्या अन् भिंती. पवनी पाहाची तं नदीतून. सारं गाव एका रांगेत उभं राह्यते, फोटोले उभं राह्यल्यावानी.”

तेव्हापासून मोठीमायनं हे वस्तीत इतक्यांदा सांगितलं, की शेवटी सगळ्यांनाच ते पाहावंसं वाटू लागलं. बाबा, म्हणजे मनोहरराव, रेल्वेच्या ऑफिसात कारकून. आखणी करणं, माणसं जमवणं यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी वर्गणी काढली, गोविंदाला निरोप धाडला, आणि चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत आम्ही निघालो. या आखणीत सगळं होतं. फक्त मोठीमाय नावेत बसेल की नाही, हे कुणी ठरवलं नव्हतं, कारण ते आधीपासूनच ठरलेलं होतं.

ती नेहमी सामानाजवळ बसायची. रामटेकच्या जत्रेत ती गडाच्या पायथ्याशी बसली. गड कसा आहे, हे तिला खालून दिसतो तेवढंच माहीत. भेडाघाटला गेलो, तेव्हा धबधब्याचा आवाज तिनं ऐकला. छप्पन्न सालीसुद्धा, साऱ्या गोताची गाठोडी सांभाळत ती मैदानाबाहेर एका झाडाखाली बसली होती. “दीक्षा मी सामानाजवळूनच घेतली,” ती हसत सांगायची. “भोंगा चांगला होता. आवाज येत होता, मागं मागं म्हनत गेली.” हे ती तक्रार म्हणून सांगत नसे. म्हणून आम्हीही ते गंमत म्हणूनच ऐकत आलो होतो.

आज मात्र ती हसली नाही. ती नदीकडे पाहत होती. घाटावरून खरोखरच गाव दिसत नव्हतं. वर तटाचा एक तुकडा, एका देवळाचा कळस आणि पायऱ्या. बाकी सगळं आमच्या पाठीमागे होतं.

“मी बसते,” मी म्हणाले. “मोठीमाय, तू जाय.”

तिनं मान हलवली. “तू नको बसू, लतिका. आज बसशीन तं जलमभर तूच बसशीन. सवय होते.”

“एका दिवसानं कशी होईल मले सवय?”

“तुले नाही वं. बाकीच्याईले होते.”

मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि कोणत्याही विधानाला पुरावा मागायची मला खोड होती. या विधानाला मी पुरावा मागितला नाही.

“वयनी, लवकर ठरवा,” बाबा म्हणाले. “इथं सावली हाय. अर्ध्या-पाऊन घंट्यात येऊन जातो आमी.”

“ठरलं तं हाय, भाऊजी,” मोठीमाय म्हणाली. “मी सामानाजवळच बसतो.”

बाबांना हायसं वाटलं. सगळे पायऱ्या उतरून नावेकडे गेले. मोठीमायनं पदर खोचला, गोधड्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि त्यांच्या मागोमाग उतरू लागली. गाठोडं तिनं नावेच्या नाकाडाशी, अगदी पुढच्या टोकाला ठेवलं. परत वर येऊन वळकट्या उचलल्या. मग स्टोव्ह. मी दोन्ही गंज आणि पुऱ्यांचा डबा घेतला.

“बाई, सामान कायले आनता नावेत?” गोविंदानं विचारलं.

“मले सामानाजवळ बसाले सांगतलं हाय.”

“मंग बसा ना तिथं वर!”

“सामान कुठं ठेवाचं, ते नाही सांगतलं कोनं.” ती गाठोड्याला टेकून बसली. “हे सामान. हे मी. बसली जवळ.”

क्षणभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग मिलमधले बाबाराव, आमचे शेजारी, असे हसले की नाव डुलली. “मनोहरराव, वयनी कायद्यानं चालून राहिली! आता बोला काय बोलता!”

बाबा पायऱ्या चढून परत वर गेले. वर आता फक्त पिंप उरलं होतं. पिंप मागे ठेवून जाणं त्यांना शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी आणि बाबारावांनी एकेक कडी धरून ते नावेत आणून ठेवलं, आणि सगळे चढले.

गोविंदानं खुंटीची दोरी सोडली नाही. तो वाकला आणि नावेची कड आणि पाणी यांच्यामध्ये त्यानं आपला हात आडवा धरला. “दोन बोटं,” तो म्हणाला. “चार पायजेत. मंधात गेल्यावर वारा राह्यते. एक मानूस उतरवा, नाही तं सामान उतरवा.”

“दोन खेपा कर,” आई म्हणाली.

“यष्टी जाईन मंग तुमची.”

एक माणूस म्हणजे कोण, हे प्रत्येकाला कळलं होतं, आणि प्रत्येकजण दुसरीकडे पाहत होता. बाबांनी घसा साफ केला. “वयनी... आता तं...”

मोठीमायनं गाठोड्याची गाठ घट्ट धरली. तिच्या हाताच्या शिरा वर आलेल्या मला दिसल्या. आत्ता ती उतरली असती तर पुन्हा कधीच चढली नसती, नाव असो की गड.

“पुऱ्या खाऊन टाकू!” बाबाराव म्हणाले. “तेवढंच वजन कमी.”

“काका, पुऱ्या पोटात गेल्या तरी नावेतच राहतीन,” मी म्हणाले.

“मंग शिकून फायदा काय झाला वं तुया?”

सगळे हसले. बाबासुद्धा हसले. मोठीमाय मात्र हसली नाही. ती पिंपाकडे बोट दाखवून म्हणाली, “भाऊजी, हे पानी काहून आनलं?”

हसू थांबलं.

“काहून म्हंजे? आपल्या घरचा नेम हाय तो,” बाबा म्हणाले. “घरातून निंगाचं तं आपलं पानी घेऊन निंगाचं.”

हा नेम माझ्या आजोबांचा. लहानपणी ते एका लग्नाला दूरच्या गावी पायी गेले होते. उन्हाळ्याचे दिवस होते. वाटेत विहिरी होत्या, पण त्यांच्या काठावर माणसंही होती. आजोबांचा धाकटा भाऊ त्या वाटेवर तहानेनं गेला. त्यानंतर आमच्या घरातलं माणूस पाण्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडलं नाही. बाबा शाळेत बाटली न्यायचे, मी कॉलेजात न्यायची. काळ बदलला, घरात नळ आला, पण नेम राहिला. तो का आहे, हे घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे.

गोविंदाला यातलं काही माहीत नव्हतं. “नागपूरहून पानी?” तो म्हणाला. “नदीवर?”

मोठीमाय त्याच्याकडे वळली. “गोविंदा, तू कोनतं पानी पेतं गा?”

“हेच. नावेत बसून आनखी कोनतं पेनार?”

“आमाले देशीन?”

गोविंदा तिच्याकडे पाहतच राहिला. प्रश्न त्याला समजला नसावा. “मी कोन देनार, बाई?” तो म्हणाला. “नदी काय माह्या बापाची हाय? वाकून घ्या ना.”

घाटावर एक बाई धुणं आपटत होती, तेवढाच आवाज.

“ऐकलं, भाऊजी?” मोठीमाय हळूच म्हणाली.

बाबा उठले. मला वाटलं ते रागावले. त्यांनी पिंपाचं झाकण काढून आईच्या हातात दिलं आणि एक कडी धरली. दुसरी मोठीमायनं धरली. दोघांनी ते नावेच्या कडेवर तिरपं केलं आणि आमच्या नळाचं पाणी वैनगंगेत पडू लागलं. पुष्कळ वेळ पडत राहिलं. मी नावेच्या बाहेरच्या फळीकडे पाहत होते. जितकं पाणी जात होतं तितकी नाव वर येत होती, आणि फळीवर ओल्या लाकडाची काळी पट्टी रुंद होत चालली होती. आर्किमिडीज मी तीन वर्षं शिकले होते. तो माझ्यासमोर असा कधी वर आला नव्हता.

गोविंदानं पुन्हा हात आडवा धरला. “साडेतीन,” तो म्हणाला. मग त्यानं नावेतल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. “वारा पडला हाय. चाला.”

त्यानं बांबू रोवला आणि घाट मागे सरकला.

सुरुवातीला काही विशेष दिसलं नाही. मग नाव मधल्या धारेकडे गेली आणि गाव हळूहळू उलगडू लागलं. आधी आमचाच घाट दिसला, नंतर त्याच्या शेजारचा, त्यावर तट, तटावरून डोकावणारी पिंपळाची झाडं, देवळांमागे देवळं. ऊन गावाच्या मागून येत होतं, त्यामुळे भिंती काळसर होत्या आणि फक्त त्यांच्या कडा उजळल्या होत्या. गावाची सावली पाण्यावर लांबवर पडली होती. नाव एकेका कळसाच्या सावलीत शिरायची आणि पुन्हा उन्हात यायची. सावलीत शिरलं की गार वाटे. मी सावल्या मोजू लागले होते, पण मग मोजणं सोडून दिलं.

मोठीमाय नाकाडावर, सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या आणि गावाच्या मध्ये काहीच नव्हतं. पाठीशी गाठोडं, मांडीवर पुऱ्यांचा डबा.

“पाह्य वं लतिका,” ती म्हणाली. “खोटी नाही बोलली ते पोरगी. एका रांगेत.”

“दिसून राहिलं का तुमाले सारं, वयनी?” बाबारावांनी मागून विचारलं. “आमाले तं तुमची पाठ दिसून राहिली.”

“मंग पाठ पाहा! मी आजवर तुमच्या साऱ्याईच्या पाठीच पाहिल्या.”

हशा झाला. बाबाराव वाकून ओंजळीनं पाणी प्याले आणि ‘गोड हाय’ म्हणाले. मग आई प्याली, मी प्याले. बाबा बराच वेळ हात पाण्यात सोडून बसले होते. कोणी पाहत नाही असं वाटल्यावर त्यांनीही ओंजळ भरली. थोडं पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. त्यांनी ते पुसलं नाही.

शेवटचा घाट मागे पडला तेव्हा गोविंदानं वल्हं आडवं धरलं. “इथून वापस फिरतेत लोक. पुढं पाहाले काही नाही.”

“गाव संपलं का?” मोठीमायनं विचारलं.

“गाव हाय थोडंसं. पन घाट नाही, देऊळ नाही. मातीची घरं हायेत.”

“मंग संपलं कुठं?”

गोविंदानं बाबांकडे पाहिलं. नावेचे पैसे बाबांनी दिले होते. बाबांनी सूर्याकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि मग मोठीमायच्या पाठीकडे.

“चाल गा गोविंदा,” ते म्हणाले. “पुरं दाखव वयनीले. यष्टीचं पाहू.”

नदीनं एक वळण घेतलं. तट संपला होता. काठावर वाळूत डांगरांचे वेल आणि त्यांच्या वर गावापासून थोडी अलग, ठेंगणी घरं. एका घरावर बांबूला निळा झेंडा बांधलेला होता. ही घरं कुणाची, हे आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती.

पाण्याशी एक बाई राखेनं भांडी घासत होती. गाठोडी, वळकट्या, स्टोव्ह आणि त्यांच्यामध्ये कोंबून बसलेली एवढी माणसं पाहून ती उठून उभी राहिली.

“कोन्या गावचे जी?” तिनं ओरडून विचारलं. “बिऱ्हाड घेऊन कुठं चालले?”

मोठीमाय उभी राहिली. “बसा, बाई, बसा!” गोविंदा म्हणाला. ती बसली नाही. नाव डुलली आणि स्थिर झाली.

“नागपूरचे!” तिनं तोंडाशी हात धरून उत्तर दिलं. तिचा आवाज इतका मोठा आहे, हे मला माहीत नव्हतं. “कुठंच नाही चाललो वं! गाव पाहाले आलो!”

“मंग इकळे कुठं आले? घाट तं तिकळे राह्यले!”

“ते पाहिले! आता तुमचं पाहून राहिलो!”

त्या बाईला बहुधा नीट ऐकू आलं नाही, किंवा आलं आणि पटलं नाही. ती तशीच उभी राहिली. मग तिनं हातातलं भांडं वाळूवर ठेवलं, राखेचे हात लुगड्याला पुसले, आणि मागं वळून आपल्या घरांकडे पाहू लागली.