तव्याचं ऐकणारी बाई

मी बिडाचा तवा बोलतोय. तसा मी रोजच बोलतो, पण तव्याचं ऐकायला वेळ आहे कुणाला? या घरातल्या आईने मात्र माझं बोलणं कधी वाया जाऊ दिलं नाही. तिचं मला अजून नवल वाटतं, म्हणून आज तोंड उघडलंय.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतलं, ते निवलं आणि मी झालो. काळा, जाड आणि असा जड, की दुकानात जो तो मला उचलायचा आणि तोंड वाकडं करून परत ठेवायचा. तिने मला टिचकी मारली, कान जवळ आणला आणि नवऱ्याला म्हणाली, "हाच घेऊ या. आवाज छान आहे याचा."

"अगं, तवा घेतेयस की घंटा?" नवरा म्हणाला. पण पिशवी त्यानेच उचलली, आणि घरी येईपर्यंत कुरकुरत राहिला.

माझ्यावर काय काय शिजलं, सांगत बसलो तर दिवस पुरायचा नाही. पण सॅल्मन आला की मी थक्क व्हायचो. हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि शेवटी प्रवाह कापत आपल्या नदीत परत येतो, तोही वासावरून, असं नवरा एकदा जेवताना सांगत होता. नारिंगी गुलाबी तुकडा माझ्यावर पडला की मला वाटायचं, एवढी वाट चालून आलेल्याला मी करपवलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

तुकडा ती स्वतः निवडायची. मधल्या भागाचा, सगळीकडे सारख्या जाडीचा, कातडीसकट. "बोटाने दाबलं की खळगा लगेच भरून यायला हवा," ती लेकीला सांगायची. "आणि वास समुद्राचा यायला हवा. माशाचा आला तर सरळ पुढच्या दुकानात जायचं."

मग तिची नजर अधू झाली. कडेचं दिसायचं, पण नेमकं जिथे बघावं तिथे धुकं. माशाचा रंग दिसेना. मला वाटलं, संपलं आता सगळं. पण तिने मीठ लावलेला तुकडा चांगला कोरडा पुसला, कातडी खाली करून तापल्या तेलात सोडला आणि मान तिरकी करून उभी राहिली. ती माझं ऐकत होती! आधी मी मोठ्याने चरचरतो, कारण कातडीतलं पाणी जळत असतं. पाणी संपलं की माझा आवाज बारीक होतो आणि कातडी आपोआप सुटते. तो बारीक आवाज आला आणि तिने मासा उलटला. तांबूस, कुरकुरीत, कुठे फाटलेला नाही. मी लोखंडाच्या जातीचा, पण त्या दिवशी गहिवरून आलं मला.

लेक आईजवळ राहायला आली, तेव्हा तिचा जीव टांगणीला लागला. आई आणि विस्तव! धुराने आईच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून तिने शेगडीवर धूर ओढणारा मोठा पंखा बसवून घेतला. तो सुरू झाला की भांड्यांची झाकणंसुद्धा थरथरायची. पंखा लागल्यावर आईने पहिल्यांदा मासा टाकला, त्या दिवशी मी घसा फोडून सांगत होतो, पण माझा आवाज पंख्याने गिळला. मासा चिकटला, करपला.

"आई, आता पुरे. उद्यापासून तू शेगडीजवळ जायचं नाहीस," लेक म्हणाली.

आईला कारण कळलं होतं. मी तिचा चेहरा पाहिला ना. पण ती मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसली. मी खिळ्याला लटकून तिच्याकडे बघत राहायचो. तिचे रिकामे हात मला बघवत नव्हते.

रविवारी मासा आईनेच दाबून, हुंगून आणला आणि लेक करायला उभी राहिली. पंखा घोंघावत होता. तिने घाईने उलथनं घातलं, कातडी फाटली.

"आई, चिकटतोय गं हा!"

"आधी तो पंखा बंद कर."

घर एकदम शांत झालं. माझी चरचर भिंतीपर्यंत पोचली.

"अजून हात लावू नकोस. बघ, किती मोठ्याने बोलतोय तो."

लेक उभीच राहिली. हळूहळू तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे त्या दिवशी... पंख्यामुळे? मग बोलली का नाहीस?"

"एवढ्या हौसेने बसवलास गं माझ्यासाठी. काय बोलू?"

लेकीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तिने उलथनं आईच्या हातात दिलं आणि बाजूला सरकली.

आता माझी कड थोडी झिजलीय, पण या घरात माझा मान काही औरच. मासा पडला की पंखा बंद, खिडकी उघडी, नवऱ्याने वर्तमानपत्राचं पानसुद्धा उलटायचं नाही. एवढी माणसं एका तव्यासाठी गप्प बसतात, याचं मला रोज नवल वाटतं. तुमच्या घरीही कुणी मान तिरकी करून चुलीपाशी उभं असेल, तर क्षणभर आवाज करू नका.

काल लेक आईशेजारी येऊन उभी राहिली. तिने स्वतःचे डोळे मिटून घेतले आणि हळूच विचारलं, "आई, आता उलटू?"

"मला काय विचारतेस?" आई म्हणाली. "त्याला विचार."