माझ्यातून ती घोषणा गेली नाही

मित्रांनो, माझ्या तोंडाला बोटभर लांब चीर गेली आहे. ती लपवावी असे मला कधी वाटले नाही. मी एक जुना कर्णा आहे, हातात धरून बोलायचा. पोटात आठ जाड बॅटऱ्या, मुठीशी एक खटका आणि पुढे हे पसरट तोंड. खटका दाबून कुणी हळू बोलले तरी मैदानाच्या पलीकडे ऐकू जाते.

कारखान्यातून मी थेट एका शाळेत आलो. तिथल्या मुख्याध्यापिकेला सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. त्यांच्या हातात मी बावीस वर्षे काढली. एकदा प्रयोगशाळेत आग लागली, तेव्हा बाईंनी माझ्यातून बोलून तीन मजले रिकामे केले. एका मुलालाही खरचटले नाही. त्या दिवशी माझेही कौतुक झाले.

पुढे शाळेच्या भिंतींवर नवे ध्वनिक्षेपक बसले आणि मला खेळाच्या फाटक्या जाळ्यांच्या कपाटात टाकले. माझ्या पोटातल्या बॅटऱ्या पाझरल्या, गंज चढला. बाई निवृत्त होताना शाळेने त्यांना विचारले, भेट काय देऊ? त्या म्हणाल्या, "तो कपाटातला कर्णा द्या." घरी नेऊन त्यांनी माझा गंज स्वतः घासून काढला.

काही वर्षांनी देशात मतदान ठरले. दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना एकमेकांशी लग्न करता यावे का, हो की नाही, एवढाच प्रश्न होता. बाई 'नाही'च्या बाजूने उभ्या राहिल्या. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचे काका त्यांच्या जोडीला आले. बाईंनी स्वतःच्या हाताने फलक लिहिले आणि मला पुन्हा बाहेर काढले. त्या चौकात उभ्या राहून सांगत, "लग्न नवरा-बायकोचं असतं, असं मला वाटतं. पटलं तर 'नाही' म्हणा. नाही पटलं तर घरी जाऊन विचार करा, पण भांडू नका."

बाईंच्या घरासमोर चष्म्यांचे दुकान होते. चष्मेवाला त्यांचाच जुना विद्यार्थी. दुकानाच्या वरच्या खोल्यांत तो आणि एक बसचालक अकरा वर्षे एकत्र राहत होते. एकदा तो म्हणाला, "बाई, घसा बसलाय तुमचा."

"तुझ्याविरुद्ध बोलून बसलाय," बाई म्हणाल्या.

"मग गरम पाणी तरी प्या," असे म्हणून तो दुकानात गेला.

मग करड्या सदऱ्यांतले लोक आले. त्यांना केवळ हे लग्न नको होते असे नाही. त्यांना परके नको होते, दुसऱ्या धर्माचे नको होते. नकोशांची त्यांची यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढत जाई. शेजारच्या शहरात त्यांनी परक्या मजुरांची वस्ती पेटवली होती. त्यांचा म्होरक्या बाईंच्या बैठकीच्या खोलीत येऊन अगदी गोड बोलला. "आमचा तुम्हाला पाठिंबा आहे, बाई."

"मी मागितला नव्हता."

"न मागता देतोय."

"मग न घेता परत करते. दार उघडंच आहे."

तो गेल्यावर औषधवाले काका चिडले. "आपल्या सभेला चाळीस माणसं येतात. हे तीनशे आणतील. मतं मोजताना कुणी सदऱ्याचा रंग बघतं का?"

"मी बघते," बाई म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी सकाळी चष्म्याच्या दुकानाच्या दारावर लाल रंगात मोठी अक्षरे होती: 'पहिला नंबर तुमचा.' बाई बराच वेळ खिडकीत उभ्या होत्या. त्यांचा हात माझ्या मुठीवर होता.

त्या दुपारी चौकात बाईंची सभा होती. समोर तीनशे करडे सदरे उभे होते. काकांनी बाईंना न विचारता दिलेले बाईंचे फलक त्यांच्या हातांत होते. बाई पायऱ्यांवर चढल्या आणि त्यांनी खटका दाबला. "माझं मत बदललेलं नाही. मी 'नाही' म्हणणार आहे. पण ज्यांनी त्या दारावर रंग फासला, ते माझे नाहीत. त्यांचं एकही मत मला नको."

म्होरक्याने झडप घालून मला ओढले. मी पायरीवर आपटलो आणि माझे तोंड चिरले. त्याने मला उचलले, खटका दाबला आणि 'ठेचून काढा' अशी घोषणा सुरू केली. माझ्यातून नुसती खरखर आली. आतली तार तुटली होती. मित्रांनो, त्यात माझा पराक्रम काही नाही. पण मोडण्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

बाई मग कर्ण्याशिवायच बोलल्या. "ते फलक माझ्या हातचे आहेत. परत द्या." त्या खाली उतरल्या आणि एकेकाच्या हातातून फलक काढून घेऊ लागल्या. कुणी ढकलले, कुणी शिवी दिली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या दोघांनी मान खाली घालून मुकाट दिले. अकरा फलक आणि मला काखेत मारून बाई घरी आल्या. काका त्यांच्याबरोबर आले नाहीत.

समोर बसचालक दार घासत होता. बाई बादली घेऊन गेल्या.

"उपकार झाले, बाई," तो म्हणाला.

"उपकार कसले. मी अजूनही तुमच्या विरोधात मत देणार आहे."

"माहीत आहे. ती वरची ओळ माझ्यानं निघत नाहीये. दुसरा ब्रश आहे का?"

दोघांनी मिळून दार घासले. दुसऱ्या दिवशी त्याने माझी तार जोडून दिली. चीर मात्र राहिली.

मतदान झाले. 'नाही'ची बाजू थोडक्यात हरली. काका दारात येऊन म्हणाले, "तुमच्यामुळे हरलो." बाई म्हणाल्या, "असेलही." तेव्हापासून काकांनी त्यांच्याशी बोलणे सोडले. मोहिमेतले कितीतरी जण रस्ता बदलून जाऊ लागले. बाई घरात एकट्या जेवत, पण केलेल्या गोष्टीबद्दल त्यांनी कधी हळहळ केली नाही.

वसंतात चष्मेवाल्याने लग्नाचे निमंत्रण आणले. बाई म्हणाल्या, "मी येणार नाही. मला पटत नाही." त्याने मान डोलावली आणि निमंत्रण तरीही टेबलावर ठेवले.

दोन दिवसांनी करड्या सदऱ्यांनी जाहीर केले की नोंदणी कार्यालयाबाहेर ते जमणार. लग्नाच्या सकाळी बाईंनी माझ्यात नव्या बॅटऱ्या घातल्या. त्या कार्यालयात गेल्या नाहीत. समोरच्या पदपथावर, एकट्या, ताठ उभ्या राहिल्या. पंधरा-वीस जण काठ्या घेऊन आले. बाईंनी खटका दाबला.

"मी या लग्नाच्या विरोधात आहे," त्या म्हणाल्या. "आणि इथून पुढं जायचं असेल, तर आधी माझ्या अंगावरून जा."

माझा आवाज चिरका निघाला, पण साऱ्या रस्त्याला ऐकू गेला. दुकानांतून लोक बाहेर आले आणि एकेक करून बाईंच्या शेजारी उभे राहिले. काठ्यावाले थोडा वेळ रेंगाळले आणि आल्या वाटेने परत गेले.

मित्रांनो, कर्ण्याला मत नसते. जो हातात धरेल त्याचे तो बोलतो, म्हणून त्याला जपा आणि कुणाच्याही हाती देऊ नका. तुम्ही कोणत्याही बाजूचे असा, आपल्या मागे कोण ओरडते आहे ते वळून बघा. नको असलेला हात खांद्यावर पडला तर तो चारचौघांत झटकून टाका. एकटे पडाल. पडा.